लहान मुलाची ऑटिझमसाठी तपासणी: नाशिकमध्ये कोणाकडे जावे?

दोन-अडीच वर्षांचे मूल नावाने हाक मारली तरी वळून पाहत नाही, हवी असलेली वस्तू बोटाने दाखवत नाही, पूर्वी येणारे दोन-चार शब्दही आता त्याच्या तोंडून येत नाहीत, आणि घरातली वडीलधारी मंडळी ‘याचे बाबासुद्धा उशिराच बोलायला लागले’ असे सांगून धीर देतात. अशा घरात ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, हा शब्द एकदा उच्चारला गेला की पुढचा प्रश्न लगेच उभा राहतो: तपासणी करायची ती कोणाकडून? आमच्या मुलाच्या वेळी या प्रश्नाचे नीट उत्तर हाती यायला सात महिने गेले, आणि त्यांतले बरेचसे केवळ कोण कशासाठी पात्र आहे हे माहीत नसल्यामुळे गेले. ज्या आईवडिलांना हा निर्णय आता घ्यायचा आहे त्यांचे तेवढे महिने वाचावेत, म्हणून नाशिककरांपुढचे पर्याय इथे एकमेकांशेजारी ठेवून पाहते आहे.

ऑटिझम दाखवून देणारी रक्ततपासणी नाही, आणि एमआरआय किंवा ईईजीमध्येही तो दिसत नाही. मुलाला फिट येत असेल किंवा डॉक्टरांना दुसरी काही शंका असेल तरच या तपासण्या सांगितल्या जातात. निदान होते ते मुलाचे प्रत्यक्ष निरीक्षण आणि पालकांकडून सविस्तर घेतलेला वाढीचा इतिहास यांवरून. त्यामुळे इमारत किती मोठी आहे किंवा यंत्रे किती आहेत यावरून इथे काहीच ठरत नाही. पाहायचे ते एवढेच, की मुलासमोर बसणारी व्यक्ती कोण आहे, ती किती वेळ बसते आणि शेवटी लेखी काय देते.

पहिला पर्याय घराजवळचाच आहे. लसीकरणासाठी ज्यांच्याकडे आपण जातो ते बालरोगतज्ज्ञ मुलाला जन्मापासून पाहत आलेले असतात, आणि वाढीत कुठे खंड पडला हे त्यांच्या फाइलमध्ये सापडू शकते. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स १८ व्या आणि २४ व्या महिन्यात प्रत्येक मुलाची ऑटिझमसाठी चाळणी, म्हणजे प्राथमिक तपासणी, करावी असे सांगते. त्यासाठी एम-चॅट-आर ही २० प्रश्नांची यादी वापरतात. ती १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी आहे आणि पालकांनी ती भरायला फार वेळ लागत नाही. गुण ३ ते ७ आले तर त्याच प्रश्नांवर पुन्हा खोलात विचारपूस करायची असते, ८ किंवा अधिक आले तर थेट तज्ज्ञाकडे पाठवायचे असते. मात्र ही चाळणीच आहे, निदान नव्हे, आणि हा फरक पालकांनी पक्का लक्षात ठेवावा. बालरोगतज्ज्ञांकडून दोन गोष्टी मागून घ्याव्यात: चाळणीचे गुण आणि पुढच्या तज्ज्ञासाठी चिठ्ठी. कोणतीही चाळणी न करता ‘तीन वर्षांचा होऊ द्या, मग बघू’ असे सांगितले गेले, तर आदराने पण ठामपणे चाळणीचा आग्रह धरावा.

त्याच चिठ्ठीबरोबर श्रवणतपासणीही लिहून घ्यावी. हाकेला ओ न देणाऱ्या मुलाला ऐकू येते की नाही हे आधी ठरले पाहिजे, आणि ते ओएई आणि बेरा या तपासण्यांतून कळते. बेरासाठी मूल झोपलेले लागते. आम्ही पहाटे चारपासून मुलाला जागे ठेवले होते, आणि नाशिकरोडहून निघालेल्या रिक्षात द्वारकेच्या सिग्नलला तो गाढ झोपी गेला. केंद्रात पोहोचल्यावर जागा झाला तो पुन्हा झोपलाच नाही, आणि तपासणी दहा दिवस पुढे गेली. घर लांब असेल तर वाटेत मुलाला बोलते-खेळते ठेवण्यासाठी कोणीतरी बरोबर न्यावे.

आता खरा निवडीचा भाग. सरकारी वाट आणि खासगी वाट यांची तुलना करताना लोक बहुतेक वेळा फक्त पैशांचा विचार करतात, पण फरक त्याहून मोठा आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला; त्याखाली फिरती पथके वर्षातून दोनदा अंगणवाडीत जाऊन मुलांची तपासणी करतात आणि संशय असलेल्या मुलांना जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. या केंद्राची कल्पनाच अशी आहे की बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, श्रवण व वाचातज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट आणि विशेष शिक्षक एकाच छताखाली मिळावेत, आणि तेही विनामूल्य. पेठ, सुरगाणा किंवा त्र्यंबकच्या पाड्यावरच्या कुटुंबासाठी अंगणवाडीताईंमार्फत येणारी ही वाट सर्वांत सरळ आहे, आणि शहरातल्या पालकांनीही ती कमी लेखू नये. त्र्यंबक रोडच्या सिव्हिलमधल्या या केंद्रात जाण्याआधी मानसशास्त्रज्ञ कोणत्या वारी बसतात आणि नवीन मुलाचा केसपेपर किती वाजेपर्यंत निघतो हे विचारून घ्यावे, म्हणजे फेरी फुकट जात नाही. सरकारी वाटेची दुसरी जमेची बाजू म्हणजे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये ऑटिझमचा २१ प्रकारांत स्वतंत्र समावेश आहे, आणि प्रमाणपत्र व युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे ओळखपत्र, सरकारने नेमलेल्या वैद्यकीय प्राधिकाऱ्याकडूनच मिळते. खासगी अहवाल कितीही चांगला असला तरी त्या कामासाठी तो पुरत नाही. उणी बाजू अशी की गर्दीच्या ओपीडीत एका मुलाच्या वाट्याला येणारा वेळ कमी असू शकतो, आणि ज्या मुलाची लक्षणे सौम्य आहेत त्याच्या बाबतीत वेळ हीच मुख्य गोष्ट असते.

सरकारी आणि खासगी यांच्या मधला एक पर्याय म्हणजे वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय. आडगावच्या डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी बालरोग आणि मानसोपचार हे दोन्ही विभाग एकाच आवारात असल्यामुळे एका विभागाचे मत दुसऱ्यापर्यंत पोहोचणे सोपे जाते.

कॉलेज रोड, गंगापूर रोड, इंदिरानगर या भागांत खासगी तज्ज्ञांच्या पाट्या भरपूर दिसतात, आणि खरा गोंधळ तिथेच होतो. विकासात्मक बालरोगतज्ज्ञ म्हणजे बालरोगशास्त्रातील पदव्युत्तर पदवीनंतर मुलांच्या विकासाचे वेगळे प्रशिक्षण घेतलेले डॉक्टर. देशभरातच ते मोजके आहेत, पण मिळाले तर पाच वर्षांखालील मुलासाठी माझी पहिली पसंती त्यांनाच राहील. झोप, खाणे, वाढ, बोलणे आणि वागणे हे सगळे ते एकत्र पाहतात. बालमानसोपचारतज्ज्ञही निदान करण्यास पूर्ण पात्र असतात, आणि अतिचंचलता, स्वतःला इजा करणे किंवा रात्र रात्र न झोपणे असे काही बरोबर असेल तर त्यांचा उपयोग अधिक होतो. ‘मानसोपचार’ या शब्दाला घाबरून त्यांना टाळू नये. फिट येत असेल, डोक्याचा घेर किंवा चाल यांबद्दल शंका असेल किंवा शिकलेले कौशल्य झपाट्याने जात असेल, तर बालमेंदूविकारतज्ज्ञांना दाखवणे आवश्यक आहे. एरवी पहिली भेट त्यांचीच घेण्याची गरज नसते.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हा या सगळ्यातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत चुकीचा समजला जाणारा दुवा आहे. प्रमाणित चाचण्या घेणे, मुलाची आकलनक्षमता आणि सामाजिक परिपक्वता मोजणे आणि सविस्तर अहवाल लिहिणे हे त्यांचे काम. या पदासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, नोंदणी लागते. परिषद १९९२ च्या कायद्याने स्थापन झाली असून नोंदणीशिवाय हे काम करणे हा त्या कायद्याखाली गुन्हा आहे. मानसशास्त्रात एम.ए. केलेली किंवा समुपदेशनाचा अभ्यासक्रम केलेली व्यक्ती कितीही प्रेमळ असली तरी ती क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट ठरत नाही. अहवालाखाली सही, पदवी आणि आरसीआयचा सीआरआर क्रमांक, म्हणजे नोंदणी क्रमांक, असतो. तो क्रमांक परिषदेच्या संकेतस्थळावर पडताळून पाहता येतो. डॉक्टरांच्या बाबतीत महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक पाहावा. अपॉइंटमेंट घेतानाच हा क्रमांक विचारण्यात काहीही गैर नाही, आणि ज्यांची नोंदणी आहे ते तो लगेच सांगतात.

स्पीच थेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट यांच्याशिवाय पुढचे काम होत नाही. अनेकदा पहिली शंकाही तेच व्यक्त करतात, आणि त्यांचे निरीक्षण अहवालात यायलाच हवे. परंतु फक्त त्यांच्या सहीवर ऑटिझमचे निदान स्वीकारू नये. आमची चूक इथेच झाली. एका थेरपी केंद्रात मुलाला आठ-दहा मिनिटे पाहून, एका छापील कागदावर खुणा करून, ‘ऑटिझम आहे, आठवड्याला पाच सत्रे लागतील, तीन महिन्यांचे पॅकेज आज घेतले तर सवलत’ असे सांगण्यात आले. कागदावर कोणाची पदवी नव्हती, चाचणीचे नाव नव्हते. निदान बरोबर निघाले हे खरे, पण मूल नेमके कुठे अडते आहे हे कोणीच पाहिलेले नसल्यामुळे ते तीन महिने त्याला रंग आणि आकार ओळखायला शिकवण्यात गेले, जे त्याला आधीच येत होते. जिथे निदान आणि पॅकेज एकाच टेबलावर, एकाच बैठकीत दिले जाते, तिथे पैसे भरण्याआधी बाहेरचे दुसरे मत घ्यावे. जिथे स्टेम सेलने ऑटिझम बरा होईल असे सांगितले जाते, तिथून उठून यावे. नॅशनल मेडिकल कमिशनने २०२२ मध्ये ऑटिझमसाठी या उपचाराची शिफारस करता येत नाही असे स्पष्ट केले आहे.

नंतरच्या तपासणीत फरक कसा जाणवला ते सांगते. तपासणाऱ्या मॅडम जमिनीवर बसल्या, साबणाचे फुगे उडवले आणि मग बाटलीचे झाकण घट्ट लावून मुलासमोर ठेवून गप्प राहिल्या. मुलाने बाटली उचलली, झाकण ओढून पाहिले, मग त्यांचे मनगट धरून हात झाकणावर नेऊन ठेवला. त्यांच्या चेहऱ्याकडे मात्र एकदाही पाहिले नाही. मदत हवी आहे हे त्याला कळत होते, पण ती माणसाकडे मागायची असते हे उमगत नव्हते. ही निरीक्षणे अहवालात जशीच्या तशी उतरली, आणि पुढे थेरपीची सुरुवात रंगांपासून न होता त्या झाकणापासून झाली. दोन बैठका, मिळून जवळजवळ तीन तास, आणि आमच्याशी बोलण्यासाठी वेगळा एक तास लागला.

अहवालात कोणती चाचणी वापरली याचे नाव असायलाच हवे. कार्स या मापनात १५ बाबी असतात आणि ३० किंवा त्याहून अधिक गुण ऑटिझमकडे निर्देश करतात. आपल्या देशात तयार झालेल्या इसा या मापनात ४० बाबी असून ७० पासून पुढचे गुण ऑटिझम दर्शवतात, आणि प्रमाणपत्रासाठी हेच मापन लागते. इंडिट हे साधनही भारतातच, २ ते ९ वर्षांच्या मुलांसाठी तयार झाले आहे. एडॉस ही निरीक्षणाची पद्धत जगभर नावाजलेली असली तरी महाग आहे. ती नसली म्हणजे निदान कच्चे असे समजू नये. चाचणी मुलाच्या घरच्या भाषेत घेतली गेली का, हे त्यापेक्षा अधिक महत्त्वाचे. घरी मराठी, अहिराणी किंवा कोकणा बोलणाऱ्या मुलाला इंग्रजीत सूचना दिल्या आणि त्याने त्या पाळल्या नाहीत, तर त्यावरून काय सिद्ध होते?

राहिली मुंबई-पुण्याची वाट. परळचे वाडिया बाल रुग्णालय, वांद्र्याची वाचा व श्रवण दिव्यांगत्वासाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था, २००१ पासून मुलांच्या विकासावर काम करणारे उम्मीद केंद्र ही नावे प्रत्येक पालकाच्या कानावर येतात, आणि तिथे विविध शाखांच्या तज्ज्ञांचा संच एकत्र बसून मुलाला पाहू शकतो. पण कसारा घाट उतरून गेलेले मूल थकलेले असते. सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने जाऊन दुपारी घेतलेली तपासणी मुलाचा सर्वांत वाईट तास दाखवते, म्हणून जायचे तर आदल्या दिवशी मुक्कामाला जावे. शिवाय थेरपी आठवड्यातून अनेकदा आणि वर्षानुवर्षे चालते. ती शेवटी नाशिकमध्येच होणार असल्याने अहवाल लिहिणारी व्यक्ती फोनवर तरी उपलब्ध असणे गरजेचे ठरते.

माझ्या मते बहुतेक कुटुंबांनी सुरुवात नाशिकमध्येच करावी: विकासात्मक बालरोगतज्ज्ञ किंवा बालमानसोपचारतज्ज्ञ आणि आरसीआय नोंदणी असलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, या दोघांचे मत एकत्र घ्यावे. खर्च झेपत नसेल तर सिव्हिलच्या केंद्रापासून सुरुवात करण्यात मुलाचे काहीही कमी होत नाही, आणि खर्च झेपत असला तरी प्रमाणपत्रासाठी केसपेपर लवकर काढून ठेवावा. मुंबई राखून ठेवावी ती दोन तज्ज्ञांची मते जुळत नसतील तेव्हासाठी, किंवा मूल बोलते आहे, आकडे-अक्षरे ओळखते आहे, पण इतर मुलांत मिसळत नाही अशा अवघड निदानासाठी. मुलाचा हा कल पुढे ‘हुशार आहे, थोडा हट्टी आहे’ अशा शब्दांत झाकला जातो, आणि त्याला सर्वांत अनुभवी नजर लागते.

तपासणीला जाताना घरच्या मोबाइलवरचे चार-पाच छोटे व्हिडिओ घेऊन जावेत: जेवताना, इतर मुलांबरोबर, हाक मारताना, आणि शक्य असेल तर पहिल्या वाढदिवसाचा. आमच्या मुलाच्या पहिल्या वाढदिवसाच्या चित्रफितीत तो मेणबत्तीकडे बोट दाखवताना दिसतो. पुढे ते बोट हरवले, ही गोष्ट आम्ही तोंडी कधीच सांगू शकलो नसतो. तारीख मिळायला महिना-दीड महिना लागणार असेल तर तेवढ्यात स्पीच थेरपी सुरू करता येते, कारण न बोलणाऱ्या मुलाला तिचा उपयोग निदान काहीही निघाले तरी होतोच. आणि अहवाल हातात घेताना एक तारीख लिहून मागावी, पुनर्तपासणीची. दोन वर्षांच्या मुलाचे चित्र वर्षभरात बदलते, आणि तो बदल ज्यांनी आधी पाहिले आहे त्यांनाच नीट दिसतो.