टर्फ, शाळा, तालीम की निवासी प्रबोधिनी? फुटबॉलला घालण्याआधीचा हिशेब

"पोरगं फुटबॉल फुटबॉल करतंय, कुठं घालू?" हे मला वर्षातून चार-पाच जण तरी विचारतात. मी काही प्रशिक्षक नाही. माहेर कोल्हापूरचं, दादा तालमीच्या संघातून खेळलेला, आणि आता पुण्यात माझी दोन्ही मुलं खेळतात. मुलगा बारा वर्षांचा, मुलगी नऊची. एवढ्या भांडवलावर लोक मला जाणकार समजतात.

आपल्याकडे ढोबळमानानं चार वाटा आहेत: फी भरून टर्फवरची (कृत्रिम गवताच्या मैदानावरची) अकादमी, शाळेचा संघ, पेठेतला किंवा गावातला क्लब (कोल्हापुरात त्याला तालीम म्हणतात), आणि निवासी संस्था. पत्रक वाचून यांतलं काही ठरवता येत नाही, कारण पत्रकावर सगळेच व्यावसायिक खेळाडू घडवत असतात.

मुलीसाठी जागा शोधत होते तेव्हा मी वही-पेन घेऊन बसले. एका मुलावर नजर ठेवायची आणि दहा मिनिटांत बॉलला त्याचा पाय किती वेळा लागला, तेवढ्या रेघा मारायच्या. पहिल्या टर्फवर कोन मांडलेले, बिब नवीकोरी, सरांच्या गळ्यात शिट्टी. पण अठरा मुलं एकाच रांगेत आणि बॉल एकामागून एक. सहा रेघा. दुसऱ्या टर्फला चेंजिंग रूमसुद्धा धड नव्हती, पण चार-चारचे छोटे सामने लावले होते. तिथं बत्तीस झाल्यावर मी मोजणं सोडलं. एका शाळेच्या मैदानावर तीस मुलं आणि दोन बॉल: नऊ. बाकी काही नाही जमलं तरी एवढं करून बघा. सहा आणि बत्तीस यांची फी जवळपास सारखीच होती.

हे माझं खूळ नाही. लहान मुलांना अकरा-अकराचा सामना खेळवत नाहीत ते याचसाठी. आठ वर्षांच्या आसपास पाच-पाच, मग सात-सात, पुढं नऊ-नऊ, असा चढता क्रम जगभर पाळतात. बॉलही आधी तीन नंबरचा, आठ ते बाराच्या दरम्यान चार नंबरचा आणि त्यानंतर पाच नंबरचा. अखिल भारतीय फुटबॉल महासंघानं २०१८मध्ये लहानग्यांसाठी बेबी लीग सुरू केल्या, त्यांचंही सूत्र हेच: छोटं मैदान, कमी खेळाडू, जास्त खेळ. सात वर्षांच्या मुलाला पाच नंबरचा बॉल देऊन मोठ्या मैदानावर सोडलेलं दिसलं, तर मी पुढची चौकशी करत नाही.

या कसोटीवर चांगली टर्फ अकादमी जिंकते आणि वाईट टर्फ अकादमी सगळ्यांत मागं पडते. शाळा मधे. तालमीचं मोजमाप वेगळं. तिथं लहान मुलांसाठी आखलेलं वेळापत्रक बऱ्याचदा नसतंच. पोरगं मोठ्यांच्या बाजूला घुटमळतं, बाहेर गेलेला बॉल आणून देतं, कधीतरी कोणी "ये रे, उभा राहा डावीकडं" म्हणतं. रेघा मोजल्या तर पाचही होणार नाहीत. दादाचं म्हणणं, "अगं, बॉल नाही मिळाला तरी डोळ्याला मिळतोय की!" यात तथ्य आहे. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार असा दोन तालमींचा सामना असला की अख्खं गाव दोन बाजूंना वाटलं जातं. ते बघत वाढलेल्या मुलाला कुठल्या वेळी कुठं धावायचं हे कोणी फळ्यावर शिकवावं लागत नाही. पुण्यातल्या माझ्या मुलाला पायाचं काम दादापेक्षा चांगलं येतं, पण मोकळी जागा त्याला दिसत नाही. अर्थात त्याच स्टेडियममधली हुल्लडबाजी आणि शिव्याही मुलाच्या कानावर येतात, तेही धरून चाला.

सामने कुठं मिळतात यावर पालक सगळ्यांत कमी विचार करतात, आणि नंतर सगळ्यांत जास्त चिडतात. सुब्रतो चषक ही १९६०पासून भारतीय हवाई दलाच्या पुढाकारानं चालणारी स्पर्धा शाळांची आहे. तुमची अकादमी कितीही भारी असो, शाळेनं संघ उतरवला नाही तर मूल तिथं खेळू शकत नाही. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी जाणाऱ्या शालेय क्रीडा स्पर्धांचंही तेच. दहावी-बारावीचे सवलतीचे गुण आणि पुढं सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण यांसाठी ग्राह्य प्रमाणपत्रं अशा मान्यताप्राप्त स्पर्धांमधूनच येतात. मोठ्ठं नाव ठेवून टर्फवर भरवलेल्या खासगी चषकाचं लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र भिंतीवर छान दिसतं, पण गुणांसाठी ते कोणी मोजत नाही.

उलट महासंघाच्या १३, १५ आणि १७ वर्षांखालील लीगमध्ये शिरायचं तर क्लब किंवा मान्यताप्राप्त अकादमी लागते. महासंघ अकादमींची तपासणी करून त्यांना तारे देतो. "तुमच्या अकादमीला किती तारे आहेत, आणि माझ्या मुलाची महासंघाच्या ऑनलाइन यंत्रणेत नोंदणी होणार का?" हे थेट विचारा. तारा नसला म्हणजे जागा वाईट असं नाही. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला त्यानं काही फरक पडत नाही. तेराव्या वर्षी मात्र पडतो. आणि नोंदणीआधी कागद नीट वाचा: एका क्लबकडे नोंद झाली की दुसरीकडे जायला रीतसर बदली करून घ्यावी लागते.

म्हणून शाळा की अकादमी हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. शिकायला अकादमी आणि खेळायला शाळा, अशी जोडी जमली तर ती सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत उपयोगी. अडचण एवढीच की काही अकादम्यांना शाळेचे सामने आवडत नाहीत, आणि काही पीटीच्या सरांना अकादमीची मुलं. फी भरण्याआधी दोन्हीकडं बोलून घ्या.

पैशांचं बघायचं तर शाळा जवळपास फुकट आणि तालीमही तशीच. गोव्यात फुटबॉल विकास परिषदेची केंद्रं आहेत, तिकडच्या पालकांनी आधी तिथं चौकशी करावी. पुण्यात मी विचारलं तेव्हा टर्फ अकादम्यांची फी महिन्याला दोन हजारांपासून साडेचार हजारांपर्यंत सांगितली गेली. शिवाय किट, स्पर्धांची प्रवेश फी आणि बाहेरगावचा प्रवास. तीन महिन्यांची फी एकदम मागतात, तेव्हा पावसाळ्यात मैदान बंद राहिलं तर काय, हे लिहून घ्या. टर्फ असेल तर प्रश्न नाही. मैदानावरच्या अकादमीचा जुलै मात्र गेलाच म्हणून समजा.

साडेचार हजारवाल्या जागी बहुतेक वेळा परदेशी क्लबचं नाव किंवा आपल्याकडच्या लीगमधल्या संघाचा बिल्ला असतो. पालक त्यालाच भुलतात. पुणेकरांनी तरी भुलू नये. दहा वर्षांच्या आत या एका शहरानं काय काय पाहिलं ते आठवा. पुणे एफसी २०१५ला बंद. भारत एफसी आय-लीगचा, म्हणजे तेव्हाच्या राष्ट्रीय लीगचा, एक हंगाम खेळून गायब. डीएसके शिवाजियन्स २०१७नंतर दिसला नाही. एफसी पुणे सिटी २०१९ला गुंडाळला आणि इंडियन सुपर लीगमधली (आयएसएल) त्याची जागा हैदराबादला गेली. त्या त्या वेळी त्यांच्या वयोगटांच्या संघांत मुलं होती. अगदी अलीकडं, २०२५मध्ये, आयएसएलचा हंगामच वेळेवर सुरू झाला नाही. बिल्ला टिकेल याची हमी क्लबचा मालकही देऊ शकत नाही. सर टिकतात का ते बघा: गेल्या दोन वर्षांत या गटाचे किती प्रशिक्षक बदलले? आमच्या एका जागी एका वर्षात तीन बदलले. मुलगा चौथ्या सरांचं नावच लक्षात ठेवेना, तेव्हा आम्ही जागा बदलली.

प्रशिक्षकाकडं परवाना कुठला आहे हे विचारायला लाजू नका. महासंघाचा डी परवाना ही खालच्या पायऱ्यांपैकी एक, त्यावर आशियाई महासंघाचे सी, बी, ए असे चढत जातात. लहानांसाठी डी पुरेसा आहे. तालमीत कोणाकडंच कागद नसेल आणि तरी माणूस उत्तम असेल, असंही होतं. ते कळायला दोन संध्याकाळी मैदानाच्या कडेला बसावं लागतं. चुकलेल्या मुलाशी तो कसं बोलतो, एवढं ऐका.

मात्र एका बाबतीत मी कोणाचा चांगुलपणा गृहीत धरत नाही. बाहेरगावी संघ गेला तर मुलांसोबत रात्री कोण राहतं, खोल्या कशा वाटतात, मुलींच्या संघाबरोबर बाई असते का? २०२२मध्ये मुलींच्या १७ वर्षांखालील भारतीय संघाच्या सहायक प्रशिक्षकाला परदेश दौऱ्यातल्या लैंगिक गैरवर्तनावरून काढावं लागलं. राष्ट्रीय संघात हे होऊ शकतं, तर गल्लीतल्या अकादमीला प्रश्न विचारण्यात भीड कसली? उत्तर देताना जे चिडतात, त्यांच्याकडं मी मूल पाठवत नाही.

मुलींसाठी चारही वाटा अरुंद आहेत. शाळेत बहुधा अकरा मुली जमत नाहीत. तालमीत शिरकाव जवळपास नाहीच. त्यामुळं टर्फ अकादमी हाच खरा पर्याय उरतो, आणि तिथंही मुलांबरोबर मिसळून. बारापर्यंत मिसळून खेळण्यात काही बिघडत नाही, उलट माझी मुलगी त्यामुळंच धीट झाली. त्यानंतर वेगळा गट आहे का, हे आजच विचारून ठेवा. आणि वयात येताना मुलींना गुडघ्याच्या आतल्या लिगामेंटची दुखापत मुलांपेक्षा जास्त होते, तेव्हा वॉर्म-अपला कंटाळणारे सर मुलींच्या गटाला नकोतच. फिफाचा लहान मुलांसाठी 'इलेव्हन प्लस किड्स' नावाचा पंधरा-वीस मिनिटांचा व्यायाम आहे: एका पायावर उभं राहणं, उड्या, पडायला शिकणं. युरोपातल्या चार देशांत हजारो मुलांवर तपासला तेव्हा दुखापती बऱ्याच कमी झाल्या. फुकट आहे, पण करून घेणारे कमी.

दुखण्यांचं म्हणाल तर टाच आणि गुडघ्याची वाटी. वाढीच्या वयात टाचेच्या हाडावर किंवा वाटीच्या खालच्या उंचवट्यावर ताण येतो, मूल लंगडतं, आणि मैदानावर कोणीतरी "नाटक करतोय" म्हणतं. नाटक नसतं. विश्रांती दिली की बहुतेक वेळा बरं होतं. आठवड्यातून पाच दिवस टर्फ, वर शाळेचा सराव आणि रविवारी सामना, असं भरगच्च वेळापत्रक याला आमंत्रण देतं. डोक्यानं बॉल मारण्याबद्दलही विचारा. अमेरिकेत दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना ते बंद आहे, इंग्लंडनं अकरा वर्षांखालच्यांचं प्रशिक्षणातलं हेडिंग २०२०मध्ये थांबवलं. आपल्याकडं अजून नऊ वर्षांच्या पोरांना ओळीनं हेडिंग करायला लावणारे सर भेटतात.

राहिली निवासी वाट. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. तो घडला तो बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत. त्यानंतर प्रत्येक पेठेतल्या प्रत्येक बापाला आपलं पोरगं बालेवाडीला पाठवावंसं वाटतं. राज्य सरकारची प्रबोधिनी, घणसोलीची रिलायन्स फाउंडेशनची अकादमी, जमशेदपूरची १९८७पासूनची टाटा अकादमी: या ठिकाणी तुम्ही मुलाला घालत नसता, तिथले लोक मुलाला निवडतात, आणि निवडलं तर खर्च तुमच्यावर पडत नाही. पैसे घेऊन निवासी प्रवेश देणारे वेगळे. तिथं आधी शाळेची सोय आणि वसतिगृह बघा, मैदान नंतर.

ट्रायलला जाताना एक ध्यानात ठेवा. वयोगट एक जानेवारीपासून मोजतात, म्हणून जानेवारीत जन्मलेलं मूल डिसेंबरवाल्यापेक्षा जवळजवळ वर्षानं मोठं, उंच आणि दमदार असतं. बारा-तेराव्या वर्षी निवडीत त्याचं पारडं जड होतं. डिसेंबरवाल्याला नाकारलं म्हणजे खेळ संपला असं नाही, दोन वर्षांनी पुन्हा न्या. याच फटीतून कोणीतरी सुचवतो, "दाखल्यावर एक वर्ष कमी करून घेऊ, सगळे करतात." आम्हालाही एकानं सुचवलं होतं. मनगटाचा एक्स-रे किंवा एमआरआय काढून वय तपासतात, आणि बंदी येते ती मुलावर, सुचवणाऱ्यावर नाही.

माझं स्वतःचं गणित असं बसलंय. मुलगी आठवड्यातून तीन दिवस त्या बत्तीस रेघांच्या टर्फवर जाते. मुलगा टर्फ कमी करून शाळेच्या संघात आलाय, कारण त्याला आता सामने हवेत. मे महिन्यात दोघं कोल्हापूरला, दादाच्या हवाली. तिथं ठरलेलं काही नसतं. सकाळी मैदान, दुपारी झोप, संध्याकाळी पुन्हा मैदान. निवासीचा विचार आम्ही मुलाच्या तोंडून येईपर्यंत करणार नाही. अजून आलेला नाही.

आणि पहिल्या महिन्यात महागडे बूट घेऊ नका. टर्फवर लांब स्टडचे बूट चालतच नाहीत, गुडघा पिळवटतो. टर्फचे छोट्या खुंट्यांचे बूट आणि शिनपॅड एवढं पुरतं. वाढता पाय म्हणून दोन नंबर मोठे घ्यायचा मोह मात्र आवरा. आम्ही आवरला नाही, तर मुलाच्या दोन्ही अंगठ्यांची नखं दिवाळीपर्यंत काळी होती.