मास इफेक्ट लेजंडरी एडिशन: रीपर्सच्या थिअऱ्या डोक्यात घेऊन खेळलो तेव्हा

आधीच सांगतो, स्पॉयलर भरपूर आहेत, तिन्ही गेमचे आणि एंडिंगचे पण. खेळायचं बाकी असेल तर इथूनच मागे फिरा, खरंच.

बरेच महिने झाले हे पॅकेज खेळतोय, म्हणजे मास इफेक्ट या अंतराळातल्या साय-फाय गेम सिरीजचं एकत्र रूप. २०२१ ला आलं, त्यात २००७, २०१० आणि २०१२ चे तिन्ही गेम आणि जवळपास सगळे डीएलसी, म्हणजे नंतर वेगळे आलेले जादा भाग. दिसायला छान केलंय, पहिल्या गेममधली माको गाडी आता बऱ्यापैकी सरळ चालते, लिफ्टमध्ये उभं राहून जीव जात नाही, तिसऱ्यातला मल्टिप्लेअर काढून टाकलाय. झालं, टेक्निकल भाग एवढाच. मला बोलायचंय ते रीपर्सबद्दल, म्हणजे सिरीजमधल्या त्या महाकाय, विचार करणाऱ्या यंत्र-जहाजांबद्दल, कारण एकदा सगळं संपवल्यावर परत सुरू केलं ते फॅन थिअऱ्या शेजारी उघड्या ठेवूनच, प्रत्येक पुरावा गेममध्ये जाऊन स्वतः बघायचा म्हणून. आणि माझं मत असं झालंय की गेमने स्वतः दिलेल्या उत्तरापेक्षा लोकांच्या थिअऱ्यांनी रीपर्स जास्त भीतीदायक केलेत.

पहिल्या गेममधला, व्हर्मायर ग्रहावरचा, सॉव्हरिन नावाच्या रीपरशी बोलण्याचा सीन घ्या. तोपर्यंत आपल्याला वाटत असतं की हे सेरेन या व्हिलनचं जहाज आहे, आणि तिथे कळतं की जहाजच बोलतंय, सेरेन नुसतं हत्यार आहे. शेपर्ड, म्हणजे आपण खेळतो ते पात्र, विचारते तुम्ही हे का करताय, तर सॉव्हरिन सांगतच नाही, तुमच्या समजण्यापलीकडचं आहे एवढंच म्हणून विषय बंद. दर पन्नास हजार वर्षांनी येणार, सगळ्या प्रगत जाती संपवणार, जाणार. का? गप्प बसा. सिरीजमधला सगळ्यात भारी व्हिलन सीन हाच, आणि तो भारी आहे कारण उत्तर नाही. दुसऱ्या गेममधला हार्बिंजर हा रीपर याच्या उलट, प्रत्येक फाइटमध्ये कलेक्टर नावाच्या शत्रूंपैकी कोणाच्यातरी अंगात येतो आणि तेच तेच डायलॉग मारतो, थोड्या वेळाने भीती वगैरे काही राहत नाही, हसूच येतं.

आता मुख्य मुद्दा, इंडॉक्ट्रिनेशन थिअरी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, रीपर्सच्या जवळ राहिलं की माणसाचं डोकं हळूहळू त्यांच्या ताब्यात जातं, आणि थिअरी म्हणते की तिसऱ्या गेमपर्यंत शेपर्डवरच हा प्रयोग चालू आहे, लंडनमध्ये हार्बिंजरचा मार बसल्यानंतरचं सगळं तिच्या डोक्यात घडतंय, आणि शेवटची निवड (रीपर्सवर ताबा म्हणजे कंट्रोल, जीव आणि यंत्र एकत्र करणं म्हणजे सिंथेसिस, की रीपर्सचा नाश म्हणजे डिस्ट्रॉय) म्हणजे मेंदूसाठीची लढाई. कंट्रोल निवडलं म्हणजे सर्बेरस संघटनेचा प्रमुख इल्युझिव्ह मॅन याचं ऐकलं, सिंथेसिस म्हणजे सेरेनचं, दोन्हीकडे रीपर्स जिवंत. फक्त डिस्ट्रॉयमध्ये, तेही तयारी भरपूर केली असेल तर, ढिगाऱ्यात कोणीतरी श्वास घेताना दिसतं.

मी पण सुरुवातीला म्हटलं, एंडिंग आवडलं नाही म्हणून लोकांनी शोधलेली पळवाट आहे ही. पण कोडेक्स, म्हणजे गेममधला माहितीकोश, वाचा, लक्षणं तिथेच लिहिलीत, डोकेदुखी, कानात गुणगुण, कोणीतरी बघतंय असं वाटणं, भुतासारख्या आकृत्या दिसणं. मग तिसऱ्या गेमची सुरुवात परत खेळा. व्हँकुव्हरमधला तो छोटा मुलगा, व्हेंटमध्ये लपलेला, शेपर्डशी बोलतो, तिचा वरिष्ठ अँडरसन हाक मारतो, परत वळून बघितलं तर गायब. नंतर तो शटलकडे जातो तेव्हा आजूबाजूला सैनिक उभे असतात पण एकजण त्याला हात देत नाही, बिचारा स्वतःच चढतो. मी हा सीन मुद्दाम थांबवून थांबवून बघितला, कोणाचंही लक्ष त्याच्याकडे नाही. पुढे स्वप्नात काळ्या सावल्या असतात, आणि पहिल्या गेममध्ये नोव्हेरिया ग्रहावर रॅकनाय या किड्यांसारख्या जमातीची राणी तिच्या जमातीला नासवणाऱ्या गोष्टीबद्दल बोलताना तेलकट सावल्या म्हणते. अंगावर काटा आला राव. त्याच नोव्हेरियावर सेरेनची साथीदार बेनेझिया, जिचं डोकं असंच ताब्यात गेलंय, क्षणभर भानावर येते आणि सांगते की आत अडकून काचेवर हात आपटत राहतो आणि आपलेच हात लोकांना मारत असतात. हे ऐकल्यावर आपली शेपर्ड नक्की कोणाचं ऐकतेय हा प्रश्न डोक्यातून जातच नाही.

त्यात दुसऱ्या गेमचं अरायव्हल डीएलसी. रीपरच्या वस्तूशेजारी शेपर्ड दोन दिवस बेशुद्ध पडलेली, तिथले बाकी सगळे शास्त्रज्ञ कामातून गेलेले, आणि ही एकटी ठणठणीत? यावर थिअरीच्या विरोधकांकडे पटेल असं उत्तर मला कुठे दिसलं नाही.

पण खरी आहे का थिअरी? मला नाही वाटत. जून २०१२ च्या एक्स्टेंडेड कटमध्ये प्रत्येक एंडिंगला पुढची गोष्ट जोडली, कंट्रोल आणि सिंथेसिसलाही, आणि त्यात हे स्वप्न होतं असा इशारा कुठेच नाही. थिअरीवाले पुरावा म्हणून दाखवतात त्या शेवटच्या न संपणाऱ्या गोळ्या, स्वप्नातल्यासारखी झुडपं, हे घाईत जुनंच सामान परत वापरल्यासारखं वाटतं. तरी त्याच कटमध्ये निवडच नाकारली तर शेवटी ती निवड समोर ठेवणारा, त्याच छोट्या मुलाच्या रूपात दिसणारा, एकदम हार्बिंजरसारख्या जाड आवाजात बोलतो, आणि थिअरीवाले परत जोशात. म्हणजे यांना गप्प करायला काढलं आणि यांच्याच हातात कोलीत दिलं.

डार्क एनर्जीवाली थिअरी, म्हणजे डार्क एनर्जीमुळे विश्व संपू नये म्हणून रीपर्स हे सगळं करतात, ही वेगळ्या जातीची, ती हवेतली नाही. पहिल्या दोन गेमचा मुख्य लेखक ड्रू कार्पिशिनने नंतर सांगितलं होतं की अशी एक कल्पना चर्चेत होती, पक्की नव्हती. दुसऱ्या गेममध्ये टाली या साथीदाराला घ्यायला हेस्ट्रॉम ग्रहावर जातो तिथला सूर्य वेळेआधी म्हातारा होतोय, तो धागा तिथेच लटकत राहतो आणि तिसऱ्यात त्याचं पुढे काही होत नाही. मला स्वतःला ही थिअरी तेवढी भावत नाही, रीपर्स विश्व वाचवायला निघाले म्हटलं की ते सरकारी खात्यासारखे वाटायला लागतात.

लोक सोडून देतात तो भाग म्हणजे दुसऱ्या गेममधला मेलेला रीपर. तिथे सर्बेरसच्या लोकांची रेकॉर्डिंग पडलेली असतात. एकात एकजण बायकोची आठवण सांगतो, दुसरा म्हणतो अरे ती माझी बायको, मला आठवतंय हे, आणि दोघं गोंधळतात की आठवण नक्की कोणाची. संगीत नाही, स्फोट नाही, रीपर तर करोडो वर्षांपूर्वी मेलेला, तरी डोकी पोखरतोय. पळत पळत जाऊ नका तिथून, थांबून ऐका.

नवीन खेळणाऱ्यांची एक अडचण आहे. २०१२ ला एंडिंग मार्चमध्ये आलं आणि लेव्हायथन डीएलसी ऑगस्टमध्ये, म्हणजे लोकांना डोकं खाजवायला महिने मिळाले, सगळ्या थिअऱ्या त्याच मोकळ्या जागेत वाढल्या. आता लेव्हायथन गेमच्या मध्यातच समोर येतं आणि रीपर्स कोणी बनवले, का बनवले, सगळं एका बैठकीत सांगून टाकतं. समुद्राच्या तळाशी उतरायचा सीन मस्तच आहे, पण त्यानंतर व्हर्मायरवरची ती भीती गेली ती गेलीच. एंडिंग मात्र त्यामुळे कमी अचानक वाटतं, हे मान्य.

म्हणून माझं ऐकाल तर पहिल्या वेळी अरायव्हल करा, लेव्हायथन सोडा, वॉर असेट्स, म्हणजे शेवटच्या लढाईसाठी जमवलेलं बळ, थोडे कमी पडतील ते बाकी साइड मिशन करून भरून काढता येतात. थिअऱ्या एंडिंग बघून झाल्यावरच वाचा. लेव्हायथन पुढच्या राउंडला.