गोळी न झाडता पिस्तूल परत ठेवल्यानंतर: एका प्रशिक्षणवर्गाचा अनुभव

शस्त्र परवानाधारकांच्या बहुतेक वर्गांत सारा भर नेमबाजीवर असतो. पिस्तूल उपसताच हल्लेखोर पळाला आणि एकही गोळी झाडावी लागली नाही, तर पुढे काय करायचे, हे क्वचितच शिकवले जाते. मी नुकताच केलेला एकदिवसीय वर्ग नेमका याच प्रसंगावर बेतलेला होता आणि मला तो फार मोलाचा वाटला.

सर्वाधिक वेळ दिला गेला तो पिस्तूल होल्स्टरमध्ये, म्हणजे ते अंगावर बाळगण्याच्या म्यानात, परत ठेवण्याला, आणि ते योग्यच होते. सरावाच्या निळ्या, प्लास्टिकच्या पिस्तुलाने मी घाई केली, तेव्हा प्रशिक्षकांनी माझे मनगट तिथेच धरले. सदऱ्याची कड होल्स्टरच्या तोंडात अडकली होती. भरलेल्या पिस्तुलाचा ट्रिगर त्या कापडाने दाबला गेला असता, तर गोळी माझ्याच मांडीत शिरली असती. भीतीने ॲड्रेनलिन उसळले की बोटे नीट चालत नाहीत, नजर एकाच जागी खिळते आणि आवाज दबके ऐकू येतात. म्हणून बोट ट्रिगरपासून दूर ठेवून, कोणी साथीदार जवळपास नाही ना हे चहूकडे पाहून, मगच पिस्तूल सावकाश आत ठेवायचे, हा क्रम आमच्याकडून पुन्हा पुन्हा घोटून घेतला. पाठलाग तर करायचाच नाही.

गोळी सुटली नाही म्हणून गुपचूप घरी जाणे किती महागात पडू शकते, हेही त्यांनी पटवून दिले: पळालेल्याने आधी पोलिसांना फोन केला, तर तो फिर्यादी होतो आणि शस्त्र दाखवून धमकावणारे आपण ठरू शकतो. त्यामुळे सुरक्षित जागी जाऊन आपणच लगेच फोन करायचा. ठिकाण, हल्ल्याचा प्रकार, हल्लेखोराचे वर्णन, आपल्या अंगावरचे कपडे आणि शस्त्र होल्स्टरमध्ये असल्याचे सांगायचे. पोलिस आल्यावर रिकामे हात स्पष्ट दिसू द्यायचे, साक्षीदार आणि सीसीटीव्ही कॅमेरे लगेच दाखवायचे, कारण चित्रण काही दिवसांत पुसले जाते.

कमतरता एकच, पण गंभीर. सविस्तर जबाब वकिलाशी बोलल्यानंतरच द्यावा, एवढे सांगून कायद्याचा भाग आटोपला. शस्त्र नुसते दाखवणे कधी समर्थनीय ठरते, याचे नियम ठिकाणागणिक बदलतात. त्यासाठी वर्गात एक फौजदारी वकील हजर असायलाच हवा होता.