बाभूळ-हिरड्यात कमावलेले म्हशीचे कातडे : दोन वर्षांच्या वापरानंतरचे परीक्षण

कोल्हापुरी चपलेच्या तळासाठी बॅग पद्धतीने कमावलेले म्हशीचे कातडे मी गेली दोन वर्षे विकत घेत आहे. या काळात सात अर्धी कातडी (पाठीवरून उभे कापून केलेल्या दोन भागांपैकी एकेक भाग) माझ्या हाताखालून गेली. त्यांपैकी पाच उत्तम निघाली, एक जेमतेम कामाचे निघाले आणि एक पूर्ण वाया गेले. ज्यांच्या घरी हा व्यवसाय पूर्वी होता, मधल्या काळात सुटला आणि आता पुन्हा हाती घ्यावासा वाटतो, अशा वाचकांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहीत आहे, कारण मीही त्यांच्यापैकीच एक आहे.

आमचे घर कागल तालुक्यातले. आजोबांच्या वेळेपासून घरी कापशी घाटाची चप्पल होत असे. मी २००८ मध्ये नोकरीसाठी पुण्याला गेले आणि घरी चप्पल करणाऱ्या आबांची नजर अधू झाल्यावर २०२३ मध्ये परत आले. लहानपणी आईजवळ बसून मी वेणी घालायला आणि पट्ट्यावर ठसे उठवायला शिकले होते, पण रापी, म्हणजे कातडे कापायची सुरी, मला कधी कोणी धरू दिली नव्हती. आमच्याकडे तळ कापणे, ठोकणे आणि बाजारातून कातडे आणणे ही पुरुषांची कामे, तर वेणी, नक्षी आणि शेवटची सफाई ही बायकांची, अशी वाटणी ठरलेली होती. त्यामुळे परतल्यावर बोटांना वेणी आठवडाभरात आठवली. कातडे निवडण्याची विद्या मात्र विसरण्याचा प्रश्नच नव्हता, कारण ती मला कधी मिळालीच नव्हती. वयाच्या चाळिशीत ती शिकताना जे पैसे आणि जे कातडे खर्ची पडले, त्यातला थोडा तरी भाग दुसऱ्या कोणाचा वाचावा, अशी मनापासून इच्छा आहे.

हे कातडे इतरांपेक्षा वेगळे का, ते त्याच्या कमावण्यात आहे. कच्चे कातडे आधी पाण्यात, मग चुन्यात ठेवून त्यावरचे केस काढतात, आतल्या बाजूचे मांस खरवडतात आणि चुना धुऊन काढून ते बाभळीच्या सालीच्या पाण्यात मुरवतात. त्यानंतर त्याच्या कडा शिवून त्याची पिशवी करतात, तिच्यात बाभळीची साल आणि हिरडा घातलेले पाणी भरून ती टांगून ठेवतात. पाणी कातड्यातून झिरपत खाली ठिबकते, ते पुन्हा वरून भरतात, आणि काही दिवसांनी पिशवी उलटी टांगतात, म्हणजे वरचा भागही सारखा कमावला जातो. या शिवणीची भोके कातड्याच्या कडेला कायम राहतात. मी कोणत्याही गठ्ठ्यात प्रथम ही भोके शोधते. ती असली म्हणजे माल चांगलाच आहे असे नव्हे, पण तो कोणत्या वाटेने आला आहे एवढे त्यावरून नक्की कळते. अर्थात विक्रेत्याने कडा आधीच कापून टाकलेल्या असतील तर ही खूण हाती लागत नाही.

खरेदीच्या बाबतीत आबांनी मला पहिल्याच दिवशी सांगितले होते, "आधी कड काप, मग भाव विचार." ताज्या कापलेल्या कडेत वरपासून खालपर्यंत एकच तपकिरी रंग दिसला पाहिजे. मधोमध फिकट, पांढुरकी रेघ दिसली तर साल आतपर्यंत पोचलेली नाही, आणि असे कातडे भिजवून वाळवले की मधला थर शिंगासारखा टणक होतो. रेघ अंधूक असेल तर मी कडेचा तुकडा थोडा वेळ व्हिनेगरमध्ये ठेवते. न कमावलेला भाग फुगून अर्धपारदर्शक होतो आणि शंका उरत नाही. कड निळसर-करडी दिसली तर ते क्रोममध्ये, म्हणजे सालीऐवजी क्रोमियमच्या क्षारांत, कमावलेले समजावे. वरून रंग दिलेला असेल तर एक चिमूटभर तुकडा उकळत्या पाण्यात टाकावा. साल-हिरड्याचे कातडे लगेच आक्रसून वळते, तर चांगले क्रोम तसेच राहते. मला कड कापायला सांगणारे आबा स्वतः मात्र यातले काहीच करत नाहीत, ते केवळ वास घेतात. त्यांच्या नाकाला जो ओल्या लाकडाचा वास कळतो तो आता मलाही ओळखू येऊ लागला आहे, तरी पैसे मोजताना मी अजून त्यावर विसंबत नाही.

आता कामातल्या अनुभवाकडे येते. तळासाठी भिजवलेले हे कातडे रापीखाली अडत नाही आणि फाटतही नाही. कापलेली कड सरळ उभी राहते. ऐरणीवर ठोकले की त्याचे तंतू दबून घट्ट बसतात आणि वाळल्यावर तळ तसाच राहतो. क्रोमचे कातडे मी मुद्दाम एकदा याच पद्धतीने ठोकून पाहिले, ते दबते आणि पुन्हा वर येते. खिळ्यांशिवाय, चामड्याच्याच वादीने शिवायच्या चपलेत हा फरक फार महत्त्वाचा ठरतो, कारण आरीने पाडलेले भोक वादीभोवती आवळून बसले तरच शिवण टिकते. गावातल्या एका दूध संकलन करणाऱ्या गृहस्थांना मी पहिल्या वर्षी दिलेला जोड रोजच्या चालण्यात चौदा महिने टिकला. मध्ये एकदा टाच बदलावी लागली, शिवण मात्र कुठेही उसवली नाही.

एक चूक मी केली, ती इथे नोंदवते. ओला तळ मी गंजलेल्या तोंडाच्या हातोडीने ठोकला आणि दुसऱ्या दिवशी त्यावर काळे-निळे डाग उमटले. सालीतले टॅनिन (कातडे कमावणारे द्रव्य) आणि लोखंड ओलाव्यात एकत्र आले की असेच होते आणि ते डाग सहजासहजी जात नाहीत. आबा ठोकताना नेहमी वर कातड्याचा एक रद्दी तुकडा ठेवायचे. तो का ठेवतात, हे लहानपणी इतक्या जवळून पाहूनही मी त्यांना कधी विचारले नव्हते.

दोष सांगायचा तर पहिला आणि मोठा दोष असमानतेचा. पाठीचा भाग जाड आणि घट्ट, तर पोटाचा भाग सैल आणि ताणला जाणारा असतो, हे सगळ्याच कातड्यांना लागू आहे. पण हाताने केलेल्या या मालात एका कातड्याचा अनुभव दुसऱ्याला उपयोगी पडत नाही. माझ्या वाया गेलेल्या कातड्याची वरची बाजू अगदी निर्दोष होती. ते उलटून पाहिले असते तर जनावर सोलताना सुरीने पडलेले खोल चरे दिसले असते. ऐन पाठीवर असलेल्या त्या चऱ्यांमुळे ठोकतानाच तळ चिरले. विक्रेत्याने बदलून देण्यास नकार दिला, आणि कातडे पूर्ण न उलटता घेतल्याचे मला मान्य करावे लागले. मात्र गठ्ठा सोडू न देण्याची जी पद्धत त्या दुकानात होती ती चुकीचीच आहे, आणि जिथे कातडे जमिनीवर पसरून दोन्ही बाजूंनी पाहू देत नाहीत तिथून मी त्यानंतर काहीही घेतलेले नाही.

दुसरा दोष वजनाचा. मी घेते ते तळाचे कातडे किलोवर विकले जाते, त्यामुळे ओल्या कातड्यात आपण पाण्याचेही पैसे देतो. ९ किलोचे म्हणून आणलेले एक अर्धे कातडे सावलीत आठ दिवस ठेवल्यावर पावणेआठ किलो भरले. त्यातून दोन थरांचे पुरुषी मापाचे चौदा जोड निघाले आणि पोटाकडचे तुकडे टाचांच्या मधल्या थरांना लागले. हिशेब करताना मी आता कोरड्या वजनावरूनच जोडाची किंमत काढते. पहिल्या सहा महिन्यांत तसे न केल्यामुळे प्रत्येक जोडात थोडी खोट बसत होती आणि ती कुठून येते ते मला कळत नव्हते.

पट्ट्यासाठी हे कातडे मी सुचवणार नाही. मी गाव सोडले तेव्हा घरात तळाला म्हैस, पट्ट्याला बैल आणि वेणीला शेळी अशी विभागणी होती. २०१५ मध्ये राज्यात बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली आणि बैलाच्या कातड्याची आवक घटली. परतल्यावर आबांच्या पेटीत तळाशी जपून ठेवलेला त्याचा एक पट्टा तेवढा सापडला. म्हशीचे कातडे पातळ तासून मी त्याचे पट्टे करून पाहिले, परंतु त्याच्या वरच्या बाजूचा पोत भरड असल्यामुळे ठसा स्पष्ट उठत नाही आणि पायाच्या वरच्या बाजूला ते बोचते. सध्या मी पट्ट्यासाठी तमिळनाडूतून येणारे, सालीतच कमावलेले कातडे वापरते. ते मऊ आणि एकसारखे असते, ठसाही चांगला घेते, पण जुन्या पट्ट्याइतके ते आकार धरून ठेवत नाही, हे दोन्ही शेजारी ठेवले की आबांना न पाहताही बोटांनी कळते.

ग्राहक हल्ली विचारतात की ही चप्पल अस्सल आहे का. २०१८ मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे आहेत, हे मी त्यांना सांगते. त्यानंतर तळाची कापलेली कड दाखवते आणि तो एकसारखा तपकिरी रंग त्यांना स्वतः पाहू देते. दुकानात रंगवलेल्या कडेची चप्पल घेताना ग्राहकानेही तेवढा आग्रह धरावा, असे मला वाटते.

पावसाळा हा या कातड्याचा मोठा शत्रू आहे. ते पाणी पिते, फुगते आणि कोंदट जागेत त्याला बुरशी येते. भिजलेली चप्पल उन्हात किंवा चुलीजवळ वाळवली तर ती कडक होऊन तडकते. ती सावलीतच वाळवावी आणि पूर्ण वाळल्यावर तेलाचा हलका हात फिरवावा. कच्चा माल साठवायचा झाल्यास गुंडाळी करून न ठेवता दोरीवर मोकळा टाकावा. जुलैमध्ये मी एक कातडे गुंडाळून कोपऱ्यात उभे केले होते. वर उल्लेख केलेले जेमतेम कामाचे कातडे ते हेच. बुरशी पुसून निघाली, पण डाग राहिले, आणि ते केवळ आतल्या थराला वापरता आले.

गुणच द्यायचे तर तळाच्या कामासाठी मी या कातड्याला पाचपैकी चार देईन, आणि एक गुण खरेदीतल्या बेभरवशामुळे कापीन. नव्याने सुरुवात करणाऱ्याने पहिल्या वेळी पूर्ण अर्धे कातडे न घेता पाठीचा तीन-चार किलोंचा तुकडा मागावा. त्यासाठी किलोमागे थोडा जास्त भाव पडतो, पण हात बसेपर्यंत होणारे नुकसान मर्यादित राहते. मी स्वतः मृगाआधी, मे महिन्यात, दोन अर्धी कातडी घेणार आहे. या वेळी आबाही सोबत येणार आहेत.