जीपीजी वापरून वर्ष होत आलं: मेल आणि फाइल्सच्या कुलपाचा अनुभव

मी पुण्यात जर्मन-इंग्रजी भाषांतरं करते. घटस्फोटाचे निकाल, मृत्युपत्रं, डॉक्टरांचे रिपोर्ट असे लोकांचे अगदी खासगी कागद माझ्याकडे येतात. जर्मनीतल्या एका वकील क्लायंटने एन्क्रिप्शनशिवाय (म्हणजे मजकूर कुलूपबंद केल्याशिवाय) काही पाठवणार नाही असं सांगितलं, म्हणून त्यासाठीचं जीपीजी हे सॉफ्टवेअर घेतलं. आता मला ते इतकं पटलंय की हे काम करणाऱ्या प्रत्येकाने ते घ्यावं असं वाटतं.

विंडोजवर जीपीजीफॉरविन (जीपीजीचं विंडोजसाठीचं पॅकेज) बसवलं की सोबत किल्ल्या सांभाळणारं क्लिओपात्रा येतं. सगळं फुकट आणि ओपन सोर्स. नाव, ईमेल, पासफ्रेज दिला की किल्ल्यांची जोडी तयार. पब्लिक कीने (किल्लीने) इतर लोक आपल्यासाठी कुलूप लावतात, ती कुणालाही द्या; ते कुलूप प्रायव्हेट कीने उघडतं, ती आपल्याजवळच ठेवायची. इथवर पाच मिनिटांचं काम.

खरं काम पुढे आहे. आलेली की त्याच माणसाची आहे हे कसं कळणार? त्यासाठी फिंगरप्रिंट, म्हणजे त्या कीची ओळख पटवणारा कोड, ताडून बघायचा. चार-चारच्या दहा गटांत ४० अक्षरं-आकडे असतात. वकीलबाई फोनवर वाचत गेल्या, मी स्क्रीनवर बोट ठेवून जुळवत गेले. कंटाळवाणं आहे, पण हे टाळलं तर बाकीच्या खटाटोपाला अर्थ नाही. 'ओपनपीजीपी-रेव्होक्स.डी' हा फोल्डरही पहिल्याच दिवशी शोधा. की हरवली किंवा चोरीला गेली तर ती रद्द करायचं सर्टिफिकेट जीपीजी तिथे आपणहून करून ठेवतं. चुकून वापरलं जाऊ नये म्हणून त्यात सुरुवातीच्या रेघांआधी एक कोलन घातलेला असतो. वेळ आली की तो काढून फाइल इम्पोर्ट करायची. मी ती फाइल आणि प्रायव्हेट कीचा बॅकअप पेनड्राइव्हवर घेऊन कपाटात ठेवलाय.

मेलसाठी थंडरबर्ड हा मेल प्रोग्रॅम. २०२० च्या ७८ व्या आवृत्तीपासून ओपनपीजीपी (जीपीजी ज्या पद्धतीवर चालतं ती) त्यातच आहे, एनिगमेल हे वेगळं अ‍ॅड-ऑन लागत नाही. मात्र त्याच्या किल्ल्यांचा साठा वेगळा असतो, म्हणून क्लिओपात्रातली की एक्स्पोर्ट करून तिथे आणावी लागते. थंडरबर्डमधल्या किल्ल्यांना कुलूप लावणारा प्रायमरी पासवर्ड नक्की लावा, नाहीतर लॅपटॉप उघडा मिळाला की कुणीही तुमचे मेल वाचू शकेल. विषयाची ओळही झाकली जाते. कुणी कुणाला कधी मेल केला हे मात्र उघडंच राहतं.

फाइल्ससाठी क्लिओपात्रा रोजच्या सवयीचं झालंय. राइट क्लिक, कुणासाठी ते निवडा, झालं. 'स्वतःसाठीही एन्क्रिप्ट' ही खूण काढू नका, नाहीतर आपणच पाठवलेली फाइल आपल्याला उघडत नाही. मूळ फाइल तिथेच राहते, ती आपण हटवायची. आणि फाइलचं नाव झाकलं जात नाही! मृत्युपत्राच्या पीडीएफला अशिलाचं आडनाव असेल तर शेवटी .जीपीजी लागूनही ते आडनाव सगळ्यांना दिसतं. त्यामुळे मी आता सगळ्या फाइल्सना फक्त कामाचा नंबर देते.

अँड्रॉइड फोनवर ओपनकीचेन (किल्ल्यांसाठी) आणि के-नाइन मेल (मेलसाठी) ही अ‍ॅप्स चालतात, पण प्रायव्हेट की फोनमध्ये ठेवायला माझं मन घेत नाही.

इथल्या बहुतेक क्लायंटकडे की नसते आणि त्यांना करायला लावणंही जमत नाही. त्यांच्यासाठी फाइल पासवर्डने बंद करणारं सेव्हन-झिप: ७झेड फॉरमॅट, एईएस-२५६ एन्क्रिप्शन, फाइलची नावं झाकायचा पर्याय चालू. पासवर्ड मेलमध्ये कधीच लिहीत नाही, फोन करून सांगते.