पन्नाशीनंतरची नोकरी आणि ‘परत मिळणारं’ डिपॉझिट

ठाणे-नवी मुंबईतल्या वागळे इस्टेट, रबाळे, महापे या पट्ट्यात कारखाना बंद पडला, की पन्नाशी उलटलेला स्टोअरकीपर, फिटर किंवा अकाउंटंट नोकरीच्या साइटवर आपली माहिती टाकतो. त्याच्याकडे पीएफचे पैसे असणार, हे फसवणारे धरून चालतात. फोनवर म्हणूनच आधी ऐकवतात, “सर, आम्हाला अनुभवी माणूसच हवाय, वयाची अट नाही.” सगळीकडून वयावरून नकार आलेल्या माणसाचा इथेच विश्वास बसतो.

मुलाखत फोनवरच उरकते, ऑफर लेटर व्हॉट्सअॅपवर येतं. मग पैसे: आधी रजिस्ट्रेशन, मग मेडिकल, पोलीस व्हेरिफिकेशन, शेवटी लॅपटॉपचं डिपॉझिट. सुरुवात हजार-दीड हजाराने होते आणि प्रत्येक रक्कम ‘पहिल्या पगारात परत’ असते. आधीचे बुडतील या धास्तीने माणूस पुढचे भरत जातो. सगळा डाव या धास्तीवरच चालतो, म्हणून पहिलीच रक्कम नाकारा.

लेटरहेडवरचा सीआयएन, म्हणजे कंपनीचा सरकारी नोंदणी क्रमांक, बघा. तो 21 अक्षरा-अंकांचा असतो आणि त्यात नवव्या ते बाराव्या जागेवरचे चार अंक म्हणजे कंपनी नोंदल्याचं वर्ष. ‘25 वर्षांची कंपनी’ म्हणणाऱ्याचा सीआयएन 2023 चा निघाला, तर विषय संपला. वर्ष जुळलं तरी खात्री धरू नका, कारण खऱ्या कंपनीचं नाव आणि नंबर उचलणं सोपं आहे. कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरच्या नंबरावर फोन करून विचारा. पत्ता एमआयडीसीतला असेल तर सरळ त्या प्लॉटवर जाऊन या. रबाळे किंवा तुर्भे स्टेशनवरून रिक्षा मिळते.

‘पीएफ ट्रान्सफर करून देतो’ म्हणून यूएएनचा (पीएफच्या कायम क्रमांकाचा) पासवर्ड किंवा ओटीपी मागितला, तर अजिबात देऊ नका. हे काम पीएफ सांभाळणाऱ्या ईपीएफओच्या पोर्टलवर फुकट होतं. ‘पगार खातं’ उघडायला लावून एटीएम कार्ड आणि सिम ठेवून घेणं तर त्याहून घातक: त्या खात्यातून दुसऱ्यांचे लुबाडलेले पैसे फिरतात आणि पोलीस आधी खातेदाराच्या दारात येतात.

पैसे गेलेच असतील तर लाजेपायी मुलांपासून लपवत बसू नका, त्यात मोलाचे तास जातात. ताबडतोब 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. रक्कम पुढे सरकायच्या आत तक्रार पोचली, तर ती बँकेत गोठवता येते. यूटीआर नंबर (पैसे पाठवल्याचा व्यवहार क्रमांक), बँक स्टेटमेंट, कॉलचे नंबर जवळ ठेवा आणि चॅट डिलीट करू नका. आणि काही दिवसांनी ‘रिफंड मंजूर झालाय, फक्त जीएसटी भरा’ असा फोन आला, तर तोही त्याच टोळीचा समजा.