उतारावरच्या आंबा बागेत गवत कापणारा छोटा ट्रॅक्टर आणि स्लॅशर : वापरानंतरचे मत

कोकणातल्या आंबा-काजूच्या बागा बहुतांशी वरकस जमिनीवर, म्हणजे डोंगरउतारावर असल्यामुळे पावसाळा सरताना कमरेइतके वाढलेले गवत आणि रानमोडीची झुडपे काढणे हा बागायतदाराचा दरवर्षीचा ठरलेला खर्च असतो. दिवाळीच्या आसपास हे गवत काढले नाही तर पुढे वणव्याची धास्ती राहते, आणि नेमक्या त्याच दिवसांत ब्रशकटर चालवणारा माणूस मिळत नाही. यावर उपाय म्हणून 24 ते 27 अश्वशक्तीचा, चारही चाकांना गती असलेला बागायती ट्रॅक्टर आणि त्याच्यामागे चार फुटी रोटरी स्लॅशर, म्हणजे फिरत्या पात्यांनी गवत छाटणारे अवजार, ही जोडी आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या बागेत वापरत आहोत. कुबोटाचा निओस्टार किंवा महिंद्राचा जिवो हे या वर्गातले माहितीचे ट्रॅक्टर आहेत. आमच्याकडच्या ट्रॅक्टरचे नाव मात्र मुद्दाम लिहीत नाही, कारण खाली नोंदवलेले गुणदोष कोणा एका कंपनीचे नसून या आकाराच्या जवळपास सगळ्याच यंत्रांचे आहेत.

सपाट आणि मध्यम उताराच्या भागात या जोडीबद्दल तक्रारीला जागा नाही. दहा मीटर अंतरावर लावलेल्या कलमांच्या ओळींतून ट्रॅक्टर सहज फिरतो, बोटभर जाडीची रानमोडी स्लॅशर एका फेरीत भुईसपाट करतो, आणि कापलेले गवत तिथेच पसरत असल्यामुळे आच्छादनही आयते होते.

प्रश्न तीव्र उताराचा आहे. विक्रेते प्रात्यक्षिकात ट्रॅक्टर ऐटीत चढवून दाखवतात, आणि तो चढतोही; पण उतारावरची खरी परीक्षा उतरताना आणि वळताना होते, आणि ती प्रात्यक्षिकात कोणी दाखवत नाही. या ट्रॅक्टरची दोन चाकांमधली रुंदी तीन फुटांच्या आसपास असते. गुरुत्वमध्य जमिनीपासून दोन फुटांवर धरला, तर कागदावर तो सुमारे 37 अंशांपर्यंत आडवा कलंडणार नाही असे गणित निघते. हा आकडा फसवा आहे. 15 अंशांच्या उतारावर आडवे चालताना वरच्या बाजूचे चाक गवतात दडलेल्या अर्धा फूट उंचीच्या जांभ्या दगडावर चढले की एकदम साडेनऊ अंशांची भर पडते, आणि त्याच क्षणी खालचे चाक एखाद्या जुन्या आळ्यात तेवढेच खचले तर एकूण कल 33 अंशांच्या पुढे जातो. त्यात वेग आणि वळण मिळवले की शिल्लक काहीच उरत नाही. म्हणूनच 15 अंश ही मर्यादा आम्ही कटाक्षाने पाळतो. उतार मोजायला गवंड्याची पाणसळ आणि मीटरभर लांबीची सरळ फळी पुरते : फळीचे वरचे टोक जमिनीला टेकवून ती समपातळीत धरावी, आणि दुसऱ्या टोकाखालचे अंतर 27 सेंटिमीटरपेक्षा जास्त भरले तर तो पट्टा ट्रॅक्टरसाठी नाही असे समजावे.

मर्यादेच्या आतही गवत आडवे न कापता वर-खाली कापावे. त्यातला जो पट्टा अधिक उभा असेल, तिथे पीटीओ (इंजिनाची गती स्लॅशरला देणारा मागचा दांडा) बंद करून, स्लॅशर जमिनीपासून जेमतेम सुटेल इतकाच उचलून ट्रॅक्टर मागे-मागे वर न्यावा आणि समोर तोंड करून उतरताना कापावे. समोर तोंड करून चढवल्यास मागच्या स्लॅशरच्या वजनामुळे पुढची चाके हलकी होतात. पुढे वजने लावल्याने फरक पडतो, तरीही झटक्याने क्लच सोडला तर ट्रॅक्टर पुढून उचलू शकतो, आणि मागे उलटणारा ट्रॅक्टर सावरण्याची वेळ पाऊण सेकंदात निघून जाते. एवढ्या वेळात माणसाचा पाय क्लचपर्यंतही पोहोचत नाही.

उतरताना खालचा गिअर आधीच टाकून ठेवावा आणि वाटेत क्लच दाबू नये. ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात, आणि उतारावर वजन पुढे सरकल्याने नेमकी तीच चाके घसरतात. चारही चाकांची गती जोडलेली असली म्हणजे पुढची चाकेही त्या ब्रेकला बांधली जातात, त्यामुळे ही जोडणी चढापेक्षा उतारावर अधिक उपयोगाची आहे. डाव्या-उजव्या ब्रेकची पेडले खिटीने एकत्र जोडलेली आहेत की नाही, हे बागेत शिरण्यापूर्वी पाहावे. एकच पेडल दाबले गेले तर ट्रॅक्टर गर्रकन आडवा फिरतो.

विकत घेण्यापूर्वी एक गोष्ट आवर्जून विचारावी, ती म्हणजे क्लचची. एकेरी क्लचच्या ट्रॅक्टरमध्ये क्लच दाबला तरी पीटीओ आणि गिअरबॉक्स एकमेकांना जोडलेले राहतात, त्यामुळे फिरत्या पात्यांचा जोर शाफ्टमधून उलटा येऊन ट्रॅक्टरला पुढे ढकलत राहतो. सपाटीवर हे फारसे जाणवत नाही. उतारावर, समोर गडगा (दगडी बांध) असताना, चांगलेच जाणवते. दुहेरी क्लच किंवा स्वतंत्र पीटीओ असलेला ट्रॅक्टर घ्यावा, नाहीतर पात्यांचा हा उलटा जोर ट्रॅक्टरपर्यंत येऊ न देणारा ओव्हररनिंग क्लच शाफ्टवर बसवून घ्यावा. आम्हाला ही माहिती विक्रेत्याने नव्हे, तर स्लॅशर दुरुस्त करणाऱ्या मेस्त्रींनी दिली.

ट्रॅक्टर उलटला तर चालकाला वाचवणारी, त्याच्या मागची संरक्षक कमान हा आंबा बागेतला कायमचा वादाचा विषय आहे. फांद्यांना अडते म्हणून ती सर्रास खाली पाडून ठेवली जाते. स्वीडनने 1959 साली नव्या ट्रॅक्टरांना ही कमान सक्तीची केली. आपल्याकडे ती असूनही दुमडलेली असते. उतारावर कमान उभी आणि आसनाचा पट्टा बांधलेला, हाच नियम असावा. कमान खाली असेल तेव्हा पट्टा बांधू नये, कारण उलटणाऱ्या ट्रॅक्टरखाली माणूस त्याच पट्ट्याने अडकतो. खालच्या फांद्यांची विरळणी करून घेणे हा त्यावरचा स्वस्त इलाज आहे.

स्लॅशर स्थानिक बनावटीचा असून त्याचा गिअरबॉक्स आणि पाती दणकट आहेत. मागची रबरी झालर मात्र जांभ्याच्या खड्यांपुढे टिकली नाही, म्हणून तिच्याजागी साखळ्यांचा पडदा लावून घेतला. तो मुळातच द्यायला हवा होता. पीटीओ बंद केल्यावरही पाती बराच वेळ फिरत राहतात, आणि काप चालू असताना खालच्या बाजूला माणूस उभा असता कामा नये. दव असलेल्या सकाळी आम्ही काम सुरू करत नाही. पूर्ण वाळून आडवे पडलेले गवतही ओल्याइतकेच घसरते, त्यामुळे कापणी गवत हिरवे असतानाच उरकलेली बरी.

आल्प्समधल्या कुरणांसाठी एबी कंपनीचा टेराट्रॅक किंवा रिफॉर्मचा मेट्रॅक अशी खास उताराची यंत्रे बनतात. त्यांचे बूड रुंद आणि बसके असते, आणि कापणीचे अवजार पुढे असते. आपला बागायती ट्रॅक्टर त्या कामासाठी घडवलेला नाही, हे लक्षात घेऊनच त्याला गुण द्यावे लागतात. पाच-सात एकरांपेक्षा मोठी आणि निम्म्याहून अधिक सौम्य उताराची बाग असेल तर ही खरेदी मी जरूर सुचवीन. बाग लहान असेल तर शेजाऱ्यापाजाऱ्यांत मिळून घ्यावा किंवा भाड्याने आणावा, आणि चालकाला गवत वाढण्यापूर्वी, दगड आणि आळी दिसत असताना, एकदा बागेतून चालवून आणावे. कड्याकडचा उभा भाग आमच्याकडे आजही ब्रशकटरवाल्याकडेच आहे, आणि त्याची मजुरी मी ट्रॅक्टरच्या हिशेबातच धरतो.